माळावर झाडं लावण्याआधी

तुमच्या मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो अशा पट्ट्यात तुमचं गाव आहे. गावाला साठेक एकर गायरान, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सामाईक जमीन आहे आणि ती उघडीबोडकी दिसते. एक कंपनी जूनमध्ये पाच हजार रोपं द्यायला तयार आहे. तिथे कोणती झाडं लावावीत, आणि निसर्ग समजून घेऊन त्याची निगा राखायची तर मुळात कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असं तुम्ही विचारलंय. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिला बराचसा आपोआप सुटतो. माझं काम याच पट्ट्यातले गवताळ माळ आणि चराऊ रानं राखण्याचं आहे, त्यामुळे उदाहरणंही इथलीच देईन.

जमीन उघडी दिसते म्हणजे ती बिघडलेलीच असणार, असं धरून चालू नका. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या फलटणला पाचशेच्या घरात. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मुरमावर कुठे चार बोटं, कुठे वीतभर माती. वर्षातले सात-आठ महिने पावसाचा थेंब नाही. अशा जागी दाट जंगल टिकत नाही. इथे गवत होतं, आणि गवतात अंतराअंतरावर हिवर, बोर, खैर, मेडशिंगी, पाचुंदा, खाली तरवड आणि करवंदीच्या जाळ्या. हेच या जागेचं स्वतःचं रूप आहे.

पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं आणि माणसाने ते तोडलं म्हणून माळ झाला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. डोंगरउतारांवर, घाटात आणि नदीकाठांवर तोड झाली हे खरंच आहे. पण सगळा माळ म्हणजे मेलेलं जंगल, हे खरं नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, आख्यायिका, स्थानकथा यांमध्ये येणाऱ्या रानझाडांचे उल्लेख गोळा केले. त्यांतली बहुसंख्य झाडं काटेरी, उघड्या गवताळ रानात वाढणारी निघाली. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही या मुलखात माळच पाहिला होता, गुरं-मेंढरंही माळावरच चारली होती.

म्हणून माझ्या लेखी पहिलं काम एकच: जागा वर्षभर बघा. तुम्ही गायरानाचा फोटो पाठवलाय तो मे महिन्यातला दिसतो. मे महिन्यात कुठलाही माळ मेल्यासारखाच दिसतो. तोच माळ श्रावणात बघा, कार्तिकात बघा आणि मग मत बनवा. आणि बघताना उभं राहून लांबवर नजर टाकू नका, खाली बसा. हातभर लांब, हातभर रुंद जागा निवडा आणि अर्धा तास तेवढीच बघा.

काय दिसेल ते सांगतो. गवताचे ठोंब दिसतील, पण ते सगळे एका जातीचे नसतील. शेडा, पवना, डोंगरी, मारवेल, कुसळी, प्रत्येकाची पात वेगळी, तुरा वेगळा. दोन ठोंबांमधल्या मातीवर पावसाळ्यात हिरवट-काळा पातळ थर दिसेल. ते शेवाळ आणि सूक्ष्म जीव आहेत, माती धरून ठेवणारे. दिवाळीच्या सुमाराला कुसळीचं एक पिकलेलं बी तळहातावर घ्या. त्याला एक लांब, पिळलेलं कुसळ असतं. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि थांबा. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ हळूहळू गोल फिरायला लागतं. जमिनीवर पडलेलं बी दवाने भिजतं, उन्हाने वाळतं, पुन्हा भिजतं, आणि दर वेळी त्या पिळाच्या जोरावर टोकाने मातीत शिरत जातं. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे शिरलेलं बी मागे येत नाही. हेच कुसळ मेंढराच्या लोकरीतून कातडीत घुसतं आणि मेंढपाळाला ताप होतो. पण वणव्याची धग आणि मुंग्यांची नजर यांच्यापासून बी वाचवण्याची ही त्या गवताची रीत आहे. कोणीही न पेरता, न पाणी घालता हे गवत दर वर्षी का उगवतं, ते त्या थेंबात कळतं.

आता त्याच जागी दोन फूट खड्ड्यासाठी कुदळ मारली तर काय होतं? ठोंब उपटले जातात, मुरूम वर येतो आणि वीतभर माती खाली गाडली जाते. मुरमात खणलेला खड्डा कुंडीसारखा वागतो: पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, आणि हिवाळ्यानंतर मुळांना बाजूला सरकायला वाट नसते. टँकर चालू आहे तोवर रोप जगतं. शिवाय उकरलेल्या ढिगाऱ्यावर पहिल्या पावसात काय उगवतं ते कुठल्याही लागवडीवर जाऊन बघा. गाजरगवत. माती जिथे हलवली जाते तिथे ते सगळ्यात आधी पोचतं.

आणि खड्डे खणले जातात कधी? एप्रिल-मेमध्ये. टिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी त्याच महिन्यांत जमिनीवर अंडी घालतात. टिटवी-धाविकाचं तर घरटं असं काही नसतं. खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची दोन ते चार अंडी. जेसीबीवाल्याला ती दिसणं शक्यच नाही, तुम्हा-आम्हालाही पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

झाडं नकोत असं माझं म्हणणं नाही. झाड जिथलं तिथे हवं. पण त्याआधी एक मोठं काम आहे आणि त्याला ना फलक लागतो ना फोटो मिळतात. नुकसान होतंय ते थांबवायचं. निसर्गाची निगा राखण्यात निम्म्याहून जास्त वाटा याचाच असतो. जागेत बरं होण्याची ताकद असते, आपण फक्त तिच्यावरचे घाव थांबवायचे.

तुमच्या भागात घाव कोणते? पहिला वणवा. फाल्गुनात माळ पेटवला की पुढचं गवत जोमात येतं, अशी समजूत अजून आहे. राखेमुळे पहिले कोंब हिरवेगार दिसतात हे खरं. पण दर वर्षी पेटवलेल्या माळावर चांगली, गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात, कुसळीसारखी जाळाला दाद न देणारी पुढे येतात, आणि उरलेला वाळका चारा, नाकतोडे, सरडे, अंडी सगळं जातं. यावर उपाय म्हणजे जाळरेषा. डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळण्याआधी, रस्त्याच्या कडेने आणि गायरानाच्या हद्दीने दोन-तीन मीटरचा पट्टा कापून साफ ठेवायचा. आग बहुतेक वेळा रस्त्याकडूनच येते. होळी ते पाडवा या काळात संध्याकाळी दोघांनी फेरी मारायची. तुमच्या मंडळात पोरं आहेत, हे काम तुमच्याइतकं कोणी चांगलं करणार नाही.

दुसरा मुरूम उपसा. रातोरात चार डंपर मुरूम गेला की ती जागा आपल्या हयातीत परत भरून येत नाही. कातळ झिजून माती व्हायला शतकं लागतात. तलाठ्याकडे लेखी तक्रार आणि ग्रामसभेचा ठराव, दोन्ही लागतात. तिसरा कचरा, त्यातही कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पिल्लं आणि मटणाच्या दुकानातला टाकाऊ माल. याचा माळाशी संबंध काय, असं वाटेल. त्या खाण्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या चिंकाऱ्याची पाडसं मारतात, लांडग्याला आणि खोकडाला रोग देतात. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. गावाबाहेर टाकलेल्या कोंबड्यांच्या पोत्यापासून लांडग्याच्या वंशापर्यंत ही साखळी जाते. ती तोडायला एक बंदिस्त खड्डा आणि शेडमालकांशी एक बैठक पुरते.

चराईबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतील: पूर्ण बंदी किंवा पूर्ण मोकळीक. मला दोन्ही पटत नाहीत. गवत आणि चरणारी जनावरं शेकडो पिढ्या एकमेकांबरोबर वाढली आहेत. चराई कायमची बंद केली तर वाळकं गवत साचतं, खालच्या छोट्या वनस्पती गुदमरतात आणि वणव्याला जळण मिळतं. उलट, जूनमध्ये कोंब फुटल्या फुटल्या जनावरं सोडली तर गवताला बी धरायला उसंतच मिळत नाही. चालतं ते हे: गायरानाचे तीन भाग करा. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत सगळीकडे चराई बंद. गवत फुलोऱ्यावर आलं की दोन भागांतलं विळ्याने कापून न्यायचं, कारण तेव्हा त्यात कस असतो आणि कुसळ अजून तयार झालेलं नसतं. तिसरा भाग बी झडेपर्यंत राखायचा. पुढच्या वर्षी राखायचा भाग बदलायचा. दिवाळीनंतर जनावरं मोकळी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा गवत कापून नेण्याची मुभा ठेवली होती. बंदी टिकली त्याचं एक कारण ते आहे, कारण लोकांच्या गोठ्यात चारा पोचत होता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या बैठकीला मेंढपाळांना बोलवा, ते गावचे असोत की वाटेने येणारे. वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तांड्याबरोबर हिंडणाऱ्या धनगराला कुठल्या ओघळीत कोणतं गवत आधी येतं, कुठलं पाणी कधी आटतं, लांडग्याने कुठे पिल्लं घातलीत हे सगळं ठाऊक असतं. त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून तुमचेच लोक खत घेतात. त्यांना न विचारता घातलेलं कुंपण एका हंगामातही टिकत नाही आणि टिकूही नये. मेंढरू लांडग्याने मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, त्यासाठी लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. तो अर्ज भरून द्यायला मंडळाने मदत केली तरी लांडग्याला घातलं जाणारं विष बऱ्यापैकी थांबेल.

परक्या वनस्पतींकडे वळू. गायरानाच्या एका कडेला गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) जुनी लागवड आहे असं तुम्ही लिहिलंय. मूळची मध्य अमेरिकेतली ही झाडं आपल्याकडची गुरं सहसा खात नाहीत आणि ती कमी पाण्यावर जगतात, म्हणून पुण्याच्या टेकड्यांपासून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यापर्यंत लाखोंनी लावली गेली. बांधावर, हिरवळीच्या खतासाठी ते उत्तम झाड आहे. माळावर मात्र त्याच्या सावलीत गवत मरतं आणि उघडं रान लागणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. माळढोकाला चहूकडे लांबवर दिसेल असं मोकळं रान लागतं. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, पण माळ मोकळे राहिले नाहीत आणि आज तिथे हा पक्षी दिसणंही मुश्कील झालंय. तुमच्याकडच्या गिरिपुष्पाला एकदम हात घालू नका. कडेने दर वर्षी थोडं थोडं काढा आणि मोकळ्या झालेल्या जागी मारवेलाचे ठोंब लावा. जमीन मोकळी सोडली की गाजरगवत आलंच समजा. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांचंही तसंच. फक्त वेडी बाभूळ कोणाच्या चुलीचं सरपण आहे का ते आधी विचारा. घाणेरी नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. खोडाच्या खाली, मातीत तीन-चार बोटांवर मूळ तोडून झुडूप उलटं करून वाळू द्यायचं, आणि हे फळं पिकण्याआधी करायचं. गाजरगवत फुलण्याआधी उपटा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, कारण त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. ही कामं एका श्रमदानात संपत नाहीत. मातीत बी असतं, निदान चार-पाच वर्षं मागे लागावं लागतं.

पाणी अडवण्याच्या कामात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे लांब चर खणायचा विचार असेल तर जरा थांबा. जिथे गवताचं आच्छादन शाबूत आहे तिथे चर खणणं म्हणजे काम करणारी गोष्ट मोडून तिच्या जागी खर्चाची गोष्ट बसवणं. गवताचं पातं थेंबाचा मार झेलतं, ठोंब पाण्याचा वेग कमी करतो, मुळं ते जिरवतात. जिथे ओघळी पडल्या आहेत तिथे मात्र नक्की काम करा, आणि माथ्याकडून सुरू करा. वरच्या बारीक ओघळीत अनघड दगडी बांध घातले की खाली मोठा बांध घालायची वेळच येत नाही. दगड ओघळीतलेच वापरा. माळावर सुटे पडलेले दगड उचलू नका, त्यांच्याखाली विंचू, पाली, सापसुरळ्या राहतात.

आता पाच हजार रोपांचं. गायरानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, तिथे माती खोल असणार. करंज, उंबर, जांभूळ तिथे लावा, निर्गुडी काठ धरून ठेवील. बांधांवर बाभूळ, बोर, कडुनिंब. वड-पिंपळ देवळाजवळ, शाळेजवळ, पारावर, जिथे त्यांना वाढायला जागा आणि पाणी द्यायला माणूस आहे. माळावर काही लावायचंच असेल तर गवत आधीच मोडलेल्या जागी हिवर, खैर, मेडशिंगी यांचं बी पहिल्या पावसात टोकून द्या, रोप नको. जागेवर उगवलेलं झाड आधी मूळ खाली सोडतं आणि मग वर येतं, पिशवीतल्या रोपाचं मूळ पिशवीतच वळलेलं असतं. या सगळ्याचा हिशेब केला तर तीनशे-चारशे रोपांच्या वर जागा निघणार नाही. कंपनीला तसं स्पष्ट लिहा. रोपांऐवजी दोन राखणदारांचा तीन वर्षांचा पगार, जाळरेषेची मजुरी आणि दगडी बांधांचा खर्च मागा. माझा अनुभव असा की नीट कारणं देऊन लिहिलं तर बरेच लोक ऐकतात. त्यांनाही वाळलेल्या रोपांचे फोटो नको असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. गायरान हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखलेलं असतं, त्यामुळे तिथे काहीही करण्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढावीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात सांगितलंय, तो निकाल गरज पडली तर उपयोगी येतो. शेजारी वनखात्याची जमीन असेल तर परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू नका, गिरिपुष्प काढण्यासाठीसुद्धा. आणि जैविक विविधता कायदा, २००२ नुसार तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती कागदावरच असेल तर मंडळातल्या दोघांनी तिच्यात जा.

त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ती कोणीतरी बाहेरून येऊन शेजारच्या गावाची यादी उतरवून भरलेली असते. तुम्ही ती खरी भरा. करटोली, टाकळा, कुरडू कुठे मिळतात हे रानभाजी खुडणाऱ्या बायांना विचारा. गवतांची नावं म्हाताऱ्या गुराख्यांना विचारा आणि ते सांगतील तीच नावं लिहा. गायरानात पाच ठिकाणी दगड रंगवून ठेवा आणि त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये फोटो काढा. तीन वर्षांनी ते फोटो शेजारी ठेवले की काय सुधारलं, काय बिघडलं हे कोणाला सांगायची गरज पडत नाही.

कोकणात किंवा मावळात राहणारं कोणी हे वाचत असेल तर यातली झाडा-गवतांची नावं तिकडे जशीच्या तशी लावू नका. तिकडे पाऊस वेगळा, कोकणात बऱ्याच ठिकाणी कातळही वेगळा. सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळपठारावरचा उघडा जांभा हाही पावसाळ्यात फुलणारा स्वतंत्र अधिवास आहे, तिथे माती आणून टाकून आंबे लावणं म्हणजे तो पुसणं. आणि देवराईत तर लावण्यासारखं काहीच नसतं, तिथला पालापाचोळा झाडू नये एवढंच. पण आधी जागा ओळखा, मग घाव थांबवा, आणि मग लागलं तर हात लावा, हा क्रम सगळीकडे तोच.

तुमच्याकडे जूनला आता फार दिवस नाहीत, म्हणून या महिन्यात तीनच कामं धरा: कंपनीला पत्र, ग्रामसभेत चराईच्या तीन भागांचा ठराव, आणि मेंढपाळांबरोबर गायरानाची एक पूर्ण फेरी. ओढ्याकाठचे खड्डे मात्र आत्ताच काढून ठेवा. पत्रासोबत खालच्या अंगाच्या मातीची खोली मोजून पाठवा, पहारीने दहा ठिकाणी टोचून बघितलं तरी कळते. जिथे पहार हातभर सहज जाते तिथे झाड लागेल, जिथे वितीवरच खणकते ती जागा गवताची.